भीमथडी आणि इतर लहान पण दणकट घोडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे इंदापूर साइडला एक भीमथडी घोडी आहे, मैना. रस्त्याने घेऊन निघालं की कोणी ना कोणी थांबवून विचारतंच, हे शिंगरू आहे का, एवढंसंच राहणार का, यावर मोठा माणूस बसतो का. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकावं.

तट्टू म्हणजे घोड्याचं पिल्लू का?

नाही. घोड्याचं पिल्लू ते शिंगरू, आणि ते मोठं होतं. तट्टू म्हणजे पूर्ण वाढ झालेला पण चणीने लहान असलेला घोडा. ओळखायचं कसं तर शिंगराचे पाय अंगाच्या मानाने खूप लांब असतात, काठ्यांवर उभं केल्यासारखं दिसतं ते, आणि तट्टाचं उलट, धड भरलेलं, छाती खोल, पाय आखूड. आपल्याकडे 'भाड्याचं तट्टू' वगैरे म्हणून त्या शब्दाला उगाच हलका वास लागलाय. मी मात्र मैनाला तट्टू पण म्हणतो आणि घोडी पण म्हणतो, दोन्ही अभिमानानेच.

उंची कुठून मोजतात?

डोक्यापासून नाही. मान जिथे संपते आणि पाठ सुरू होते तिथे एक हाडाचा उंचवटा असतो, जमिनीपासून तिथवर. डोकं वरखाली होतं, तो उंचवटा होत नाही. घोडा सपाट जागेवर चारी पायांवर सारखा उभा पाहिजे. जुन्या पद्धतीत 'हात' या मापात मोजतात, एक हात म्हणजे 4 इंच. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये बिननालीचा 148 सेंटीमीटरपर्यंतचा घोडा पोनी धरतात. मैना 131 भरते. पण ही रेघ माणसाने स्पर्धेच्या सोयीसाठी मारलेली आहे, आइसलँडचे लोक त्यांच्या 135-140 सेंटीमीटरच्या जनावराला कधीच पोनी म्हणत नाहीत, घोडाच म्हणतात, आणि मला ते पटतं.

भीमथडी ही खरंच वेगळी जात आहे का?

हो, आणि आता सरकारदरबारी पण आहे. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, देशी जनावरांच्या जातींची नोंद तिथे होते, त्यांनी अलीकडेच भीमथडीची देशातली आठवी घोड्याची जात म्हणून नोंद केली. आधीच्या सात म्हणजे काठियावाडी, मारवाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झंस्करी आणि भूतिया. त्याआधी कितीतरी वर्षं आपला हा घोडा कागदावर नुसता 'स्थानिक' नाहीतर 'गावठी' होता, म्हणजे धड कशातच नाही.

नाव सरळ आहे, थडी म्हणजे नदीचा काठ, भीमेचा काठ ती भीमथडी, जशी गोदावरीची गंगथडी. इंग्रजांच्या काळात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता, आजचा दौंड-बारामतीचा भाग. या पट्ट्यात स्थानिक छोटी घोडी आणि समुद्रमार्गे आलेले अरबी-तुर्की घोडे यांच्या संकरातून पिढ्यानपिढ्या हे जनावर घडत गेलं असं मानतात. दख्खनला बाहेरून घोडा यायचा तो कोकण आणि गोव्याच्या बंदरांतून, पोर्तुगीजांना तर गोव्यात घोड्यांच्या जकातीतून चांगली कमाई होती. पण बाहेरून आलेला घोडा महाग, त्याचे लाड महाग, आणि इथला दुष्काळ काही त्याचे लाड करणारा नव्हता. टिकलं ते कडब्यावर जगणारं.

एवढ्याशा घोड्यावरून मराठे अटकेपर्यंत गेले कसे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. सगळेच काही भीमथडीवर नव्हते, बड्या सरदारांच्या पागेत अरबी घोडे असायचे. पण साधा बारगीर, ज्याला सरकारातून घोडा मिळायचा, आणि साधा शिलेदार, जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा, यांच्याखाली बहुतेक दख्खनी तट्टंच. आपल्या राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचं नाव उगाच आलेलं नाही.

आता मराठ्यांची लढायची पद्धत बघा. जड चिलखत घालून समोरासमोर धडकायचं हे त्यांचं काम नव्हतं, हलकं सामान, लांबची मजल, शत्रूची रसद तोडायची आणि घाटातून पसार व्हायचं. या कामाला उंच, जड, दिवसाला भरपूर चंदी, म्हणजे दाणा, मागणारा घोडा उलट अडचणीचा, कारण सैन्यामागे दाण्याचे बैल चालवावे लागले की वेग बैलांचा होतो. जो घोडा रात्री मिळेल ते गवत खाऊन सकाळी परत निघतो तोच कामाचा. 1758 मध्ये मराठी फौजा अटकेला पोचल्या, त्यात अशा जनावरांचा वाटा किती मोठा असेल हे ज्याने एकदा भीमथडी घोडा दिवसभर चालताना पाहिलाय त्याला सांगावं लागत नाही.

मग हे घोडे आता कुठे आहेत?

धनगरांकडे. पागा गेल्या, फौजा गेल्या, हा घोडा सांभाळला तो मेंढपाळ धनगरांनी. दिवाळीनंतर वाडे, म्हणजे त्यांचे फिरते तळ, पश्चिमेकडे, कोकणाकडे निघतात आणि पावसाआधी परत येतात, सगळं बिऱ्हाड घोड्यांवर असतं, भांडी, वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, धान्य, कोंबड्या, नुकतीच झालेली कोकरं, कधी कधी वर दोन वर्षांचं पोरगं पण. पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर भागात हायवेच्या कडेने मेंढरांच्या मागे चाललेली लहानशी घोडी तुम्ही शंभर वेळा पाहिली असतील, तोच हा घोडा. लोक गाडीतून फोटो काढतात मेंढरांचा, घोड्याकडे कोणी बघत नाही.

आणि म्हणून मला वाटतं, या जातीचे खरे ब्रीडर कोण हा प्रश्नच नको. ज्या बाईने शेकडो किलोमीटर चालत घोडी सांभाळली, कुठली घोडी ओझ्याखाली लंगडत नाही आणि कुठली पोराला पाडत नाही हे बघून तिचंच शिंगरू ठेवलं, ती ब्रीडर.

मी बसू शकतो का? माझं वजन 75 आहे.

भीमथडीवर, माझ्या मते, नको. या उत्तराने लोक नाराज होतात पण इथे मी गोड बोलणार नाही.

सर्वसाधारण नियम असा धरतात की स्वार, खोगीर, सामान सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत. अमेरिकेत ओहायोमध्ये झालेला 2008 चा एक अभ्यास आहे, 8 घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के ओझं देऊन पाहिलं, 25 ला स्नायूंचं दुखणं दिसायला लागलं आणि 30 ला अजून वाढलं. त्यातच एक गोष्ट अशीही दिसली की ज्यांची कंबर रुंद होती त्यांना त्रास कमी झाला, म्हणजे उंचीपेक्षा बांधा महत्त्वाचा, जे आपल्या दणकट तट्टांच्या बाजूनेच आहे. पण बांधा म्हणजे जादू नाही, किलोचा हिशेब राहतोच.

वजनकाटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, आलं वजन किलोत. मैनाचा घेर 150, लांबी 140, म्हणजे साधारण 265 किलो. तिचे 20 टक्के 53 किलो. खोगीर 6 किलोचं धरलं तर स्वार 47 किलोचा.

मी स्वतः 74 किलोचा आहे. पहिल्या वर्षी मला हे काही माहीत नव्हतं, मी तिच्यावर बसायचो, ती चालायची पण मुकाट, तक्रार काहीच नाही, आणि एक दिवस खरारा करताना, म्हणजे अंग घासून साफ करताना, पाठीवर हात ठेवला तर ती खाली दबली, कान मागे गेले. तेव्हा कळलं. दोन महिने पाठ मोकळी ठेवली. त्यानंतर मी तिच्यावर बसलेलो नाही, मी शेजारून चालतो आणि माझी पुतणी बसते, ती 38 किलोची आहे. घोडा तक्रार करत नाही म्हणजे त्याला चालतंय असं नाही, आणि ही लहान दणकट जनावरं तर सोसण्यातच मुरलेली असतात.

पण मंगोलियात, आइसलँडमध्ये तर मोठे लोक लहान घोड्यांवर बसतात की?

बसतात. आइसलँडचा घोडा उंचीला लहान दिसतो पण वजन 330 ते 380 किलो, हाडं जाड, आणि तिथे पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला फार राबवत नाहीत. मंगोलियात एका माणसाकडे एक घोडा नसतो, कळप असतो, आज हा दमला की उद्या दुसरा, चंगीझ खानाच्या फौजेतही प्रत्येक स्वाराबरोबर जादा घोडे असायचे. आपण एकच घोडी घेतो आणि रोज तिच्यावरच बसायचं म्हणतो, तर तुलना होत नाही.

लहान असून एवढा दणकट कशामुळे?

तीन-चार गोष्टी एकत्र येतात. गुडघ्याखालची नळी आखूड आणि अंगाच्या मानाने जाड, त्यामुळे पाय मुरगळण्याचं, शिरा ताणण्याचं प्रमाण कमी. पाठ आखूड, म्हणजे पूल जेवढा छोटा तेवढा कमी वाकतो. छाती खोल, फुफ्फुसाला जागा. अंगाचा भार जमिनीजवळ, म्हणून घाटात, दगडगोट्यात पाय घसरला तरी सावरतो. खूर लहान, घट्ट, मैनाला नाल नाहीये, सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येऊन नुसतं तासून जातो. पण रोज डांबरी रस्त्यावर काम असेल तर नाल लागतेच, बिननालीचं कौतुक तिथे करू नका.

आणि हे सगळं कुणी लॅबमध्ये केलेलं नाही. जिथे चारा कमी आणि वाट वाईट तिथे मोठ्या अंगाचं जनावर आधी मरतं, लहान उरतं, हजार वर्षं हेच चाललं की असा घोडा तयार होतो. मग तो स्पितीचा असो, नाहीतर स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरचा.

भारतात अजून कुठले असे घोडे आहेत?

मणिपुरी आधी. 112 ते 132 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या भीमथडीएवढाच किंवा कमी, आणि जगभर जो पोलो खेळतात तो याच्या पाठीवरून सुरू झाला. मणिपुरात त्या खेळाला सगोल कांगजेइ म्हणतात, एका बाजूला सात खेळाडू, गोलपोस्ट नाहीच, शेवटची रेघ ओलांडली की गोल. आसाममधल्या सिलचरच्या चहामळेवाल्या इंग्रजांनी तो मणिपुरी लोकांकडून उचलला आणि 1859 मध्ये तिथे क्लब काढला, तिथून कलकत्ता, तिथून इंग्लंड. इंफाळचं मापाल कांगजेइबुंग हे अजून वापरात असलेलं जुनं मैदान. मार्जिंग नावाचा तिथला देव, त्याचं वाहन उडता घोडा. एवढा मान असूनही 2012 च्या पशुगणनेत मणिपुरी घोडे उरले होते फक्त 1,101. चरायच्या पाणथळ जागा गेल्या, घोडे शहरात कचऱ्यावर फिरायला लागले. 2016 मध्ये तिथल्या सरकारने या घोड्यासाठी वेगळं धोरण केलं. आपल्याकडच्या माळरानांचं काय चाललंय ते बघता मणिपूरची गोष्ट आपण लक्ष देऊन ऐकायला हवी.

स्पिती हिमाचलचा, त्याच भागात चामुर्थी पण म्हणतात, थंडीत जाड लोकर चढते अंगावर, आणि नोव्हेंबरमध्ये रामपूरच्या लवी मेळ्यात विक्रीला येतो. झंस्करी लडाखचा, बऱ्याचदा पांढुरका-राखाडी, विरळ हवेत ओझं घेऊन चालतो जिथे आपल्याला जिना चढताना धाप लागेल. भूतिया सिक्कीम-दार्जिलिंगकडचा, डोंगरी ओझ्याचा.

बसायला कसं वाटतं? हादरे फार बसतात म्हणे.

दुडकी चालीत बसतात, हे खरंय. पाय आखूड म्हणजे पावलं जास्त, टकटकटक. लांब टांगेच्या घोड्याची सवय असेल तर पहिल्या दिवशी पाठ बोलते. पण कदमचालीला भीमथडी इतकी सरळ आणि न थांबता चालते की चार तासांनीही अंग दुखत नाही. काही जातींना निसर्गानेच वेगळी चाल दिलीय, आइसलँडच्या घोड्याची 'टोल्ट', तिच्यात एक ना एक पाय कायम जमिनीवर असतो त्यामुळे स्वार उसळत नाही, आपल्याकडे कच्छी-सिंधी रेवाल नावाच्या अशाच मऊ चालीसाठी प्रसिद्ध आहे, अर्थात तो अंगाने मोठा.

खोगीर कुठलं घ्यावं?

मोठ्या घोड्याचं उरलेलं तर अजिबात नको, आणि बहुतेक लोक नेमकं तेच करतात. तट्टाची पाठ रुंद आणि गोल, मानेजवळचा उंचवटा बसका, त्यामुळे अरुंद खोगीर दोन्ही बाजूंनी टोचतं आणि उतारावर पुढे मानेवर सरकतं. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळत बसणं हा उपाय नाही, दुमची लावा, शेपटीखालून जाणारा पट्टा, उतारावर खोगीर जागेवर राहतं. बसून उतरल्यावर खोगीर काढा आणि घामाचा ठसा बघा, दोन्हीकडे सारखा ओला असेल तर ठीक, मधेच कोरडा डाग दिसला तर बहुतेक तिथे दाब पडतोय.

खायला काय? खर्च किती?

खर्चाचा आकडा मी देणार नाही, कडब्याचे भाव दर वर्षी बदलतात. प्रमाण सांगतो, वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे मैनाला चार-पाच किलो, पाणी 20 ते 30 लिटर, उन्हाळ्यात जास्त, आणि मिठाचा खडा कायम समोर. चंदी, म्हणजे भिजवलेला हरभरा किंवा भरडा, काम असेल त्या दिवशी मूठ-दोन मूठ.

इथे एक चूक प्रेमापोटी होते. लोक लाडाने गूळ, चपात्या, ताजा लुसलुशीत घास भरपूर देतात. या जाती कमी खाऊन जगायला बनल्यात, भरपूर दिलं की मानेवर चरबीची वळी येते आणि मग खुरांच्या आत सूज, लॅमिनायटिस, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो, पाऊल टाकवत नाही. हा आजार इतका वेदनेचा आहे की मी कुणालाही पाया पडून सांगेन, गूळ देऊ नका. आमच्या भागात उसाचं वाढं फुकट मिळतं, ते पण मी देत नाही.

आजारी कमी पडतात ना हे?

काटक असतात, पण अमर नसतात. धनुर्वाताची लस द्यायचीच, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, एक खिळा पुरतो. पोटशूळ झाला, म्हणजे सारखा बसतोय उठतोय, पोटाकडे बघतोय, लीद बंद, तर घरगुती काढे पाजत बसू नका, घोड्याला उलटी करता येत नाही, डॉक्टरला बोलवा. माश्यांमुळे होणारा सर्रा पावसाळ्यानंतर बघावा लागतो, ताप येऊन जाऊन आणि घोडा खंगत जातो. आणि ग्लँडर्स, हा संसर्गाचा आजार माणसालाही होतो, त्यामुळे बाजारातून घोडा आणायच्या आधी रक्ततपासणी झालेली असलीच पाहिजे, तपासण्यांचं मुख्य काम हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे असतं.

मुलांना शिकायला चांगला का?

उंची सोयीची, पडलं तरी कमी उंचीवरून. पण लहान घोडा म्हणजे गरीब घोडा असं नाही, ही जनावरं हुशार असतात, पोराच्या हातात जोर नाही हे दोन मिनिटांत ओळखतात आणि सरळ गवताकडे निघतात. आधी मोठ्याने हातात धरून चालवायचं, डोक्यावर हेल्मेट, आणि मुलाला पहिला महिना फक्त खरारा आणि पाणी पाजायचं काम. पुतणीला असंच शिकवलं, तिने नंतर लगाम न ओढता नुसतं अंग मागे घेऊन मैनाला थांबवलं.

माथेरानचे घोडे भीमथडी असतात का?

काही अंगाने तसे वाटतात पण तिथे मिश्र जनावरं आहेत, बरीच उंच. तिथे बसणार असाल तर घोड्याची पाठ, तंगाखालची कातडी बघून घ्या, जखम असेल तर दुसरा घोडा घ्या आणि का घेतला ते नीट शब्दांत सांगा. मालकाचंही पोट त्याच घोड्यावर आहे, भांडून उपयोग नाही.

विकत कुठे मिळतो?

मोठे घोडेबाजार म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा, दत्तजयंतीला भरतो, आणि नांदेडकडे माळेगावची खंडोबाची यात्रा. पण तिथे मान उंच मारवाडी, काठियावाडीला, लोक पंचकल्याणी आहे का, म्हणजे चारी पाय आणि कपाळ पांढरं आहे का, केसांचे भोवरे कुठे आहेत ते बघतात. भीमथडी हवा असेल तर वाड्यावर जा, चहा घ्या, घाई करू नका, ते लगेच विकत नाहीत आणि घरातली चांगली घोडी तर विकणारच नाहीत. बघताना भोवऱ्यांच्या आधी चारी खूर उचलून बघा, पाठीवर हात दाबून बघा, दगडावरून चालवून बघा, दात बघून वय ठरवा. चार वर्षांखालच्या जनावरावर बसू नका, सांभाळलं तर 25 वर्षं जगतं, घाई कशाला.

मारवाडी नर लावून उंची का वाढवत नाही? भाव चांगला येईल.

असं विचारणारे खूप आहेत आणि बरेच जण करतातही. शिंगरू उंच होतं, लग्नाच्या वरातीला चालतं, भाव येतो. पण पाय लांब, चंदी जास्त, घाटात आईसारखं चालत नाही, आणि मुख्य म्हणजे भीमथडीची एक घोडी त्या वर्षी भीमथडीला मिळाली नाही. नोंद झालेली जात नुसत्या कागदाने टिकत नाही.

मैनाला गेल्या ऑगस्टमध्ये एका ओळखीच्या वाड्यावरचा नर लावला, बुटका, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा, छातीने भरलेला, त्याच्यावर त्या घरातली तिसरी पिढी फिरतेय. घोडीचे अकरा महिने असतात. जूनच्या सुरुवातीला वाडा कोकणातून वर येईल, त्या घरातल्या आजी म्हणाल्यात की शिंगरू झालं की निरोप धाडा, आम्ही पाय बघायला येतो.